रिसॉर्टचा १४ पानी करार आलाय. सही करण्याआधी काय काय लिहून घ्यावं?

कुळागर

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आमचं काजूचं छोटं काम आहे. मी आणि माझी जाऊ, दोघी भागीदार. काजू भाजतो, मसाला लावतो, पाकिटं भरतो. जोडीला थोडं आगळ आणि कोकमं. आजवरचं गिऱ्हाईक म्हणजे म्हापशाची दोन दुकानं, पणजीतलं एक आणि ओळखीपाळखीतली लग्नं. सगळा व्यवहार वहीवर आणि फोनवर.

आता किनाऱ्यावरच्या एका मोठ्या रिसॉर्टने विचारलंय. खोल्यांत ठेवायला १०० ग्रॅमची पाकिटं, वर त्यांचं नाव छापलेलं. महिन्याला साधारण ३०० किलो, डिसेंबरात दुप्पट. आमच्यासाठी ही उडी मोठी आहे. त्यांनी करार पाठवला, १४ पानं, इंग्रजी, बारीक अक्षर. मुख्य कचेरी दिल्लीला. दोन रात्री बसून वाचला, त्यातलं डोक्यात राहिलं ते असं:

पैसे बिलानंतर ९० दिवसांनी. दर तीन वर्षं कायम. माल ‘असमाधानकारक’ वाटला तर कधीही परत. करार चालू असताना आणि संपल्यावर दोन वर्षं गोव्यातल्या दुसऱ्या कुठल्याही हॉटेलला माल द्यायचा नाही. ते ३० दिवसांच्या नोटिशीवर करार मोडू शकतात, आमच्या बाजूने मोडायची सोयच नाही. पाहुण्याची काही तक्रार आली तर सगळी भरपाई आमच्याकडून, मर्यादा नाही. आणि भांडण झालं तर कोर्टाबाहेर निवाडा देणारा लवाद त्यांचा एमडी नेमणार, दिल्लीत.

जाऊ म्हणते सही करून टाकूया, एवढी ऑर्डर परत येणार नाही. मला झोप नाही. यातलं काय बदलून मागावं, आणि जे मुळात लिहिलेलंच नाही असं काय घालून घ्यावं? अनुभव असलेल्यांनी सांगा.

माडाच्या सावलीत

बाय, इतकी वर्षं वहीवर धंदा केलास, कोणी बुडवलं? आमच्या वेळी शब्दावर व्यवहार व्हायचे. १४ पानांचा करार करणाऱ्याच्या मनात आधीपासूनच काहीतरी असतं.

खाणपट्टा

काका, शब्दावर आमचेही व्यवहार होते. सावर्ड्याला माझे तीन ट्रक होते, खनिज वाहतुकीला. कंपनीशी करार काय, तर टनाला दर किती आणि डिझेल कोणाचं, एवढं एक पान. काम बंद पडलं तर काय, याबद्दल अक्षर नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या, तेव्हा वाटलं तात्पुरतं असेल. पुन्हा सुरू झालं म्हणून तिसरा ट्रक कर्जावर घेतला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, १६ मार्चपासून सगळं ठप्प. कंपनी म्हणाली, आमच्या हातात काय आहे? खरंच नव्हतं. पण बँकेचा करार मात्र नीट लिहिलेला होता. ट्रक उभा आणि हप्ता चालू.

तेव्हा ‘काम थांबलं तर’ हा प्रश्न प्रत्येक ओळीपुढे लिहून बघा. मी एवढंच सांगीन.

कोर्टाची पायरी

मडगावला वकिली करते. खाणपट्टा यांनी निम्मं काम केलंय माझं.

काकांसाठी आधी एक गोष्ट. तोंडी करारही कायद्याने करारच असतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १० बघा: दोन्ही बाजूंची मोकळी संमती, करार करायला लायक माणसं, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश, एवढं असलं की करार झाला. काही ठरावीक प्रकार सोडले तर कागद लागत नाही. नोटरीचा शिक्का लागत नाही, दोन साक्षीदारही लागत नाहीत. लोक शिक्क्याला देव मानतात आणि आत काय लिहिलंय ते वाचत नाहीत. कागद लागतो तो पुराव्यासाठी. सात वर्षांनी, तेव्हाचा पर्चेस मॅनेजर नोकरी सोडून दुबईला गेलेला असताना, कोण काय बोललं होतं हे कोण सांगणार?

आता कुळागरताई. तुमच्या मसुद्यात भांडणाच्या अटी भरपूर आहेत, व्यवहाराच्या अटी कमी आहेत. मोठ्या कंपन्यांचे करार असेच असतात. लवाद, क्षतिपूर्ती, गोपनीयता यांना चार-चार पानं आणि ‘माल कुठला, किती, कुठे, कधी पोचवायचा’ हे ‘परिशिष्ट अ प्रमाणे’. ते परिशिष्ट आलंय का तुमच्याकडे? माझ्या बघण्यातली बहुतेक भांडणं परिशिष्टातून निघतात. आणि ते बहुतेक वेळा कोरं असतं.

सुरुवात सह्यांपासून करा. तिकडून सही कोण करणार? रिसॉर्टचा जनरल मॅनेजर करणार असेल तर कंपनीने त्याला अधिकार दिल्याचं पत्र किंवा संचालक मंडळाचा ठराव मागा. आणि तुमच्या बाजूने? भागीदारी म्हणालात. फर्म नोंदलेली आहे का?

कुळागर

परिशिष्ट अ कोरंच आहे! ‘टु बी डिस्कस्ड’ लिहिलंय.

फर्म म्हणजे, स्टॅम्प पेपरवर दोघींचं भागीदारीपत्र आहे. पॅन आहे, जीएसटी आहे. खाद्यपदार्थांचा एफएसएसएआय परवाना आहे. याहून वेगळी नोंदणी लागते का?

कोर्टाची पायरी

लागते. फर्म निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, म्हणून कोणी करत नाही. पण १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ असं आहे की नोंदणी नसलेली फर्म करारातला हक्क मागायला तिऱ्हाइतावर दावा लावू शकत नाही. ते तुमच्यावर लावू शकतात, तुम्ही त्यांच्यावर नाही. सगळ्या अटी सोन्याच्या अक्षरांत लिहून घेतल्या तरी उपयोग शून्य. हे आधी करा, करार नंतर.

म्हापशाचा शुक्रवार

सीए आहे, त्यामुळे पैशांच्या क्लॉजवर माझा हक्क. 🙂

९० दिवस हे ऐकूनच घेऊ नका. २००६ चा एमएसएमईडी कायदा आहे, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा. तुम्ही उत्पादक आहात आणि तुमचा आकार सूक्ष्म उद्योगातच बसेल (एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटीपर्यंत सूक्ष्म). कलम १५ म्हणतं, लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढची मुदत चालणार नाही. करारात मुदतच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६ खाली व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि तेही महिन्याच्या चक्रवाढीने. करारात ‘व्याज मिळणार नाही’ असं लिहिलेलं असलं तरी कायदा वरचढ.

आणि ही भीती रिसॉर्टच्या लेखा विभागाला आधीच आहे. आयकरात कलम ४३ब (ह) आलं, कर-निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. म्हणून त्यांच्या मॅनेजरशी भांडू नका. त्यांच्या अकाउंट्सला एक मेल करा, सोबत उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) जोडा. ९० चे ४५ आपोआप होतात, मी होताना पाहिलेत.

उद्यम नोंदणी आहे ना? पहिली खेप जाण्याआधी हवी. भांडण झाल्यावर नोंदणी करून मागच्या बिलांवर हक्क सांगायला गेलेले लोक अडकलेत.

दुसरं. ‘बिलानंतर’ ४५ दिवस असं लिहू नका, ‘माल पोचल्यानंतर’ लिहा. बिल त्यांच्या सिस्टीममध्ये चढेपर्यंत १५ दिवस जातात आणि मग ते म्हणतात बिल आम्हाला २० तारखेला मिळालं.

तिसरं, दर ‘जीएसटी वेगळा’ असा लिहा. करासकट एक आकडा लिहिलात आणि सरकारने कर बदलला की तो बदल कोणाच्या खिशात, यावर वाद. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा माझ्या दोन अशिलांचा दिवाळीपर्यंत हाच पत्रव्यवहार चालू होता.

तेरेखोल

उद्यमची माहिती उत्तम. वाचनखूण साठवली.

बिब्बा

मी काजूतला. डिचोलीकडे कारखाना होता, आता मुलगा बघतो. वकीलबाईंना जे सांगता येणार नाही ते मी सांगतो.

‘उत्तम प्रतीचे काजू’ असं कधीच लिहू नये. उत्तम म्हणजे कोणाचं उत्तम? अख्ख्या पांढऱ्या गराच्या प्रती आकड्यांवर असतात. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. आकडा वाढला की काजू लहान, दर कमी. मग तुकड्यांच्या प्रती वेगळ्या. तुम्ही कोणता देणार ते आकड्याने लिहा. अख्ख्यात तुटका किती टक्के चालेल ते लिहा. कच्च्या गरात ओलावा ५ टक्क्यांच्या आत असावा असा धंद्यातला रिवाज आहे, पण तुम्ही भाजून मसाला लावून देणार, तेव्हा पाकीट बंद करतानाचा ओलावा किती आणि कोणी मोजायचा हे वेगळं लिहा. गोव्याच्या जुलैत उघड्या पाकिटातला काजू दोन दिवसांत मऊ पडतो. मग हॉटेलवाला म्हणणार माल खराब. माल खराब नाही, तुमच्या मिनीबारचं दार उघडं राहिलंय!

सालीसकट भाजलेले असतील तर तसं स्पष्ट लिहा. बाहेरच्या शेफला आपला सालीचा काजू बघून वाटतं काजू करपलाय. खरं सांगतो, एक अख्खी खेप परत आली होती याच कारणाने.

आणि माझा जुना उपाय: पहिल्या मालाच्या दोन बरण्या भरा. झाकणावर कागद चिकटवा, त्यावर दोघांच्या सह्या आणि तारीख. एक त्यांच्या स्टोअरमध्ये, एक तुमच्याकडे. करारात लिहा, ‘माल या नमुन्याबरहुकूम’. दर हंगामाला बरणी बदला. शंभर शब्दांचं वर्णन एका बरणीत येतं.

कोर्टाची पायरी

बिब्बा, दंडवत. नमुन्याबरहुकूम विक्रीला १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम १७ आहेच, फक्त बरणी कोणी ठेवत नाही.

याला जोडून तपासणीची अट. ‘कधीही परत’ या जागी: माल पोचल्यावर त्यांच्या स्टोअरकीपरने चलनावर सही करायची, तक्रार असेल तर अमुक दिवसांत लेखी, बॅच नंबरासकट. खाद्यपदार्थ आहे, मी सात दिवस लिहीन. सात दिवसांत काही आलं नाही म्हणजे माल स्वीकारला. एमएसएमईडी कायद्यातही हेच तत्त्व आहे, तिथे १५ दिवस दिलेत. आणि धोका कोणाकडे कधी जातो ते लिहा. त्यांच्या गेटवर माल उतरला, मग त्यांच्या गोदामात पाणी शिरलं, तर ते कोणाचं नुकसान?

दहाच्या ठोक्याला

काजू नाही पण रिसॉर्टच. लग्नांना साउंड आणि लाइट पुरवतो. किनाऱ्यावर लग्न, रात्री दहाला पोलिसांची गाडी येते. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत, दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सगळ्यांना माहीत, तरी नवरीचा मामा म्हणतो आम्ही दोनपर्यंतचे पैसे दिलेत, परत द्या. एका हंगामात तीनदा पैसे परत दिले. आता माझ्या अर्ध्या पानाच्या करारात पहिली ओळ हीच: परवानगी आणायची जबाबदारी यजमानाची, दहाला आवाज बंद झाला तरी रक्कम पूर्ण. ओळ ठळक अक्षरात, खाली त्यांची वेगळी सही.

सांगायचं म्हणजे, परवाने कोणी काढायचे ते लिहा. तुमच्या बाबतीत पाकिटावरच्या मजकुराचं काय? त्यांचं नाव, तुमचा परवाना क्रमांक, वजन, तारीख, घटक. चुकीचं छापलं गेलं तर दंड कोणाला?

कुळागर

अय्यो, हे डोक्यातच नव्हतं. डिझाइन ते देणार, छापून आम्ही घेणार. छापणारा म्हणतो किमान १०,००० पाकिटं.

कोर्टाची पायरी

मग करार मोडण्याच्या अटीत ही १०,००० पाकिटं आलीच पाहिजेत. त्यांनी ३० दिवसांची नोटीस दिली, तुमच्याकडे ६,००० छापील पाकिटं आणि ४०० किलो भाजलेला माल. त्यांच्या नावाची पाकिटं तुम्ही म्हापशाच्या बाजारात विकू शकत नाही, त्यांचं नाव वापरायची बंदी त्याच करारात पान ९ वर असणार. तेव्हा: नोटीस दिल्याच्या दिवशी शिल्लक असलेली छापील पाकिटं मूळ किमतीला आणि तयार माल करारातल्या दराला त्यांनी उचलायचा. वरची कमाल मर्यादा ठरवून द्या, म्हणजे ते मान्य करतील. ‘दोन महिन्यांच्या सरासरी मागणीइतका’ असं काहीतरी.

मोडायचा हक्क दोघांना. तुमच्या बाजूने एक जास्तीचं कारण: सलग दोन बिलं मुदतीत आली नाहीत तर पुरवठा थांबवायचा हक्क. थांबवायचा म्हणजे मोडायचा नव्हे, पैसे आले की पुन्हा चालू.

आता ती दुसऱ्या हॉटेलांची बंदी. तिचे दोन तुकडे करा. करार संपल्यानंतरची दोन वर्षं: करार कायद्याचं कलम २७, धंद्याला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. धंद्याचा गुडविल, म्हणजे नावलौकिक, विकला तर अपवाद आहे, तुम्ही काही विकत नाही आहात. ती ओळ राहिली तरी न्यायालयात टिकणार नाही, पण काढून घ्या. त्यांचा वकील नोटीस पाठवतो आणि नवं हॉटेल घाबरून मागे सरतं, न्यायालयापर्यंत गोष्ट जातच नाही. करार चालू असतानाची बंदी मात्र साधारणपणे चालते, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला प्रकरणात हेच धरलं. म्हणून तिथे कायद्याचा आधार शोधू नका, सौदा करा. बंदी हवी तर महिन्याला किमान इतक्या किलोंची हमी द्या. हमी नाही तर बंदी नाही. फार तर त्यांचं पाकीट, त्यांचा मसाला दुसऱ्याला देणार नाही, एवढं कबूल करा.

पुणेरी पाहुणा

धागा गोव्याचा असला तरी नाक खुपसतो. ‘किमान’ शब्दावर जोर द्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या करारात ‘अंदाजे’ होतं, पहिल्या महिन्यानंतर अंदाज शून्यावर आला आणि बंदी तशीच.

माडाच्या सावलीत

मी तीन दिवस वाचतोय. एक विचारू? करार मराठीत केला तर चालतो का? आमच्या सुनेला इंग्रजी येतं पण या १४ पानांतलं तिलाही अर्धं समजलं नाही.

कोर्टाची पायरी

चालतो काका. करार कायद्यात भाषेची अट नाही. मराठीत करा, कोंकणीत करा. इथली न्यायालयं इंग्रजीत चालतात, तेव्हा पुढे भाषांतर करावं लागेल, एवढंच. दोन भाषांत दोन प्रती केल्या तर कोणती ग्राह्य हे लिहावं लागतं, नाहीतर एका भांडणाची दोन होतात. दिल्लीची कंपनी मराठीत सही करणार नाही हे उघड आहे. पण परिशिष्ट अ, ज्यात प्रत, वजन, बरणी, वेळ सगळं आहे, ते रिसॉर्टचा स्टोअरकीपर आणि ताईंची कामगार रोज वापरणार. ते मराठीत असलं तर बरंच.

दवर्ली नाका

थोडं अवांतर. आसगावला जुनं घर भाड्याने घेऊन कॅफे काढायचा विचार आहे. मालक म्हणतो ११ महिन्यांचा करार करू, पुढे दर वेळी वाढवू. आतलं काम करायलाच मला १५ लाख लागतील.

कोर्टाची पायरी

वेगळा धागा काढा हो. थोडक्यात: वर्षाहून जास्त मुदतीची लीज १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवावी लागते. ते टाळायला ११ महिने. १५ लाख घालणाऱ्याने ११ महिन्यांवर बसू नये, पाच वर्षांची नोंदवलेली लीज घ्यावी, आणि निदान तीन वर्षं मालक बाहेर काढू शकणार नाही अशी अट.

पण गोव्यात त्याआधी एक गोष्ट. मालक म्हणजे कोण? आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला विवाहाचा मालमत्ता कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, म्हणून घर-जमिनीच्या कागदावर दोघांची सही घेतात. त्यात जुनं घर असेल तर ते आजोबांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, एक काका लिस्बनला, एक आत्या मुंबईला. एका पुतण्याने सही केली म्हणून घर मिळालं असं समजू नका. मागच्या अंगणात मुंडकार (मालकाच्या जागेत घर करून राहणारा) राहतो का तेही बघा, त्याला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे.

दवर्ली नाका

मुंडकार आहे. 😐 वेगळा धागा काढतो.

कुळागर

लवाद आणि दिल्ली राहिलं. आणि दर तीन वर्षं कायम, त्याचं काय करू?

बिब्बा

दर कायम ठेवलात तर मेलात. आपला स्थानिक काजू मार्च ते मे, बाकी वर्षभर चालणारे कारखाने आफ्रिकेतून आलेल्या बियांवर चालतात. तिकडचं पीक, डॉलर, जहाजाचं भाडं, सगळं तुमच्या दरात येतं. जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये दर पुन्हा बसवायचा असं लिहा. त्यालाही ते नाही म्हणतील, मग सूत्र द्या: कच्च्या गराचा दर सहीच्या दिवसापेक्षा १० टक्क्यांहून जास्त हलला तर त्या प्रमाणात पाकिटाचा दर हलेल, दोन्ही दिशांना. ‘दोन्ही दिशांना’ हा शब्द टाकलात की समोरचा ऐकतो.

कोर्टाची पायरी

आणि दर वाढला म्हणून ‘आता अशक्य झालं’ असं म्हणून सुटता येत नाही. करार कायद्याच्या कलम ५६ खाली काम खरोखर अशक्य व्हावं लागतं, महाग होऊन चालत नाही. २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात इंडोनेशियातला कोळसा महाग झाला होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना त्या कारणावर सोडलं नाही. कोळशाला नाही ते काजूला कसं मिळणार?

आपत्तीच्या अटीत घटना नावाने लिहा: पूर, सरकारी बंदी, साथ, रस्ता बंद. ‘पाऊस’ लिहून उपयोग नाही. गोव्यात जूनमध्ये पाऊस पडणार हे कोणालाही आधीपासून ठाऊक असतं. आणि ती घटना ६० दिवस चालली तर दोघांपैकी कोणालाही मोकळं होता यावं, नाहीतर खाणपट्टांसारखं नुसतं लटकून राहायचं.

भरपाई: ‘सगळी भरपाई, मर्यादा नाही’ याच्या जागी, सीलबंद पाकिटातला दोष मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सिद्ध झाला तर, आणि जास्तीत जास्त मागच्या १२ महिन्यांच्या बिलांइतकी. उशिरासाठी दिवसाला दंड लिहिला असेल तर फार घाबरू नका, कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. पण मसुद्यात आकडा बघून घ्या, कारण दंड ते बिलातूनच कापतात आणि मग कलम ७४ सांगायला तुम्हाला जावं लागतं. म्हणून ‘लेखी कबुलीशिवाय बिलातून कपात नाही’.

लवाद. एमडीने एकट्याने लवाद नेमणं आता टिकत नाही. निकालात ज्याला रस आहे त्याने एकतर्फी लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पर्किन्स ईस्टमन निकालात २०१९ ला आलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही एकतर्फी नेमणुकीविरुद्धच कौल दिला. दोघांच्या संमतीने एक लवाद, स्थान पणजी, असं मागा. ‘स्थान’ आणि ‘बैठकीची जागा’ यांत फरक आहे. कुठल्या न्यायालयाचा ताबा हे स्थानावर ठरतं, तेव्हा शब्द ‘स्थान’च हवा.

पणजी नाहीच म्हणाले तरी ऑर्डर सोडू नका. पैशांच्या वसुलीला एमएसएमईडीचं कलम १८ आहे. पुरवठादार जिथे, तिथली सुविधा परिषद (लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद बघणारी), खरेदीदार भारतात कुठेही असो. करारात दुसरा लवाद लिहिलेला असला तरी हा मार्ग उघडा राहतो, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. आणि परिषदेचा निवाडा तुमच्या बाजूने लागला तर त्याला आव्हान द्यायला त्यांना ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ही गोष्ट त्यांच्या वकिलाला चांगली माहीत असते.

म्हापशाचा शुक्रवार

+१. आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात त्याचं? पर्चेस ऑर्डरच्या पाठीमागे बारीक अक्षरात पुन्हा त्यांच्या अटी छापलेल्या असतात.

कोर्टाची पायरी

बरं आठवलं. एक ओळ: करार, परिशिष्ट आणि ऑर्डर यांत विसंगती असेल तर करार वरचढ. आणि ऑर्डर फक्त अमुक मेलवरून किंवा अमुक क्रमांकावरूनच ग्राह्य. इलेक्ट्रॉनिक करार चालतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ आहे, पण जुना फोन विकून टाकू नका. पुरावा द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. स्टॅम्पही नीट लावा. स्टॅम्प नसला म्हणून करार रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेत नाहीत.

माडाच्या सावलीत

बाय, मी पहिल्यांदा लिहिलं ते मागे घेतो. फर्मची नोंदणी कर.

कुळागर

(दीड महिन्याने)

मंडळी, उशिरा येतेय, माफ करा. आधी फर्म नोंदवली, मग उद्यम, मग बोलणी. त्यांच्या मॅनेजरने पहिल्या भेटीत सांगितलं की हा मसुदा सगळ्यांना तोच जातो, बदलत नाही. मी फक्त कोरं परिशिष्ट पुढे केलं आणि म्हटलं, हे तरी भरूया. ते भरताना दोन तास गेले आणि त्यातच अर्धं ठरलं: डब्ल्यू ३२०, सालीसकट, तुटका ५ टक्क्यांपर्यंत, तक्रार सात दिवसांत, छापील पाकिटं दोन महिन्यांइतकी त्यांनी उचलायची. मसुद्याला हात न लावता परिशिष्टात गेलं. म्हणून वकीलताईंनी आता आधीच्या उलट, ‘परिशिष्ट आणि करार यांत विसंगती असेल तर परिशिष्ट वरचढ’ ही ओळ घालायला सांगितली, ती त्यांनी न वाचताच मान्य केली असं मला वाटतं.

४५ दिवस अकाउंट्सकडून आले, अगदी म्हापशाच्या शुक्रवारांनी सांगितलं तसंच. दराचं सूत्र मान्य, पण १० ऐवजी १५ टक्के. करार संपल्यानंतरची बंदी गेली. चालू असतानाची राहिली, पण फक्त त्यांच्या मसाल्यापुरती. किमान हमी दिली नाही. भरपाईला मर्यादा आली, १२ नव्हे २४ महिन्यांच्या बिलांची. लवाद दोघांच्या संमतीने, पण दिल्लीच. तिथे हटले नाहीत, मीही सोडून दिलं.

पहिली खेप गेली. चलनावर सही मिळाली.

बरण्याही भरल्या, सह्या केल्या, एक त्यांच्याकडे ठेवली. चार दिवसांनी स्टोअरकीपरचा फोन, ‘ताई, बरणी संपली.’ शेफने उघडून खाल्ली म्हणे.

बिब्बा

नवी पाठवा, दोघांच्या सह्या पुन्हा घेऊन. आणि या वेळी लाखेचं सील.

कुळागर

पाठवते. शेफसाठी एक वेगळं पाकीटही घालते, बिल न लावता.